बाळंतपणातील भूल आणि उतरणारा रक्तदाब

काही महिन्यांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही रक्ताभिसरणाविषयी बोलत होतो. हृदय, रोहिण्या, नीला, रक्तदाब मोजण्याचे यंत्र असा नेहमीचा क्रम झाला. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “माझं सिझेरियन झालं तेव्हा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन दिलं होतं. पाय जड झाले, इथपर्यंत ठीक. पण दोन-तीन मिनिटांत एकदम मळमळायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर म्हणाले, ‘बीपी उतरलंय, आता येईल वर.’ आलंही. पण मला आजवर कळलेलं नाही, की पाय बधिर करणाऱ्या औषधानं रक्तदाब का उतरावा? आणि तेवढ्या वेळात बाळाला काही झालं असतं तर?”

प्रश्न दोन होते. पहिल्याचे उत्तर तेथेच फळ्यावर देता आले. दुसऱ्याचे मात्र पाच मिनिटांत देण्यासारखे नव्हते. कारण त्याचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्र स्वतःच सुमारे तीस वर्षे एका समजुतीत अडकून पडले होते. ही समजूत आळसातून किंवा अज्ञानातून आलेली नव्हती, तर नीट केलेल्या प्रयोगांतून आलेली होती. म्हणूनच विज्ञान शिकवणाऱ्यांनी ही हकीकत मुळापासून पाहण्यासारखी आहे. विषय दूरचाही नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात दर शंभर बाळंतपणांपैकी २१ ते २२ सिझेरियनने होतात, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना मणक्यातूनच भूल दिली जाते.

मणक्यातूनच भूल का?

शस्त्रक्रियेसाठी रोग्याला पूर्ण बेशुद्ध करता येते. मग बाळंतिणीला तसे का करत नाहीत? याला दोन कारणे आहेत. बेशुद्ध करणारी औषधे आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतात, हे एक. दुसरे कारण आईच्या जिवाशी संबंधित आहे. गरोदरपणात जठरातील पदार्थ वर येण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. बेशुद्धीत ते घशात आले, तर ठसका लागत नाही आणि आम्लयुक्त पदार्थ थेट फुप्फुसांत उतरतात. न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली अशा अनेक बाळंतिणींच्या नोंदी प्रसिद्ध करून या धोक्याकडे लक्ष वेधले. शिवाय गरोदर स्त्रीच्या घशात सूज असल्यामुळे श्वासाची नळी घालणेही कधी कधी अवघड जाते. आई जागी असेल तर हे दोन्ही धोके टळतात आणि बाळाचे पहिले रडणे तिला ऐकूही येते.

मणक्यातील भुलीची सुरुवात १८९८ साली जर्मनीतील कील येथे झाली. ऑगस्ट बियर या शल्यचिकित्सकाने कोकेनचे द्रावण पाठीच्या कण्यातील द्रवात सोडून पायाची शस्त्रक्रिया वेदनेविना केली. नंतर त्याने आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट याने हा प्रयोग एकमेकांवरही करून पाहिला. पाय बधिर झाले, पण पुढे दोघांचीही डोकी भयंकर दुखली. १९०० साली बाझेल येथे ऑस्कर क्राइस याने हीच पद्धत बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी वापरली.

आज कोकेन वापरत नाहीत. ब्युपिव्हाकेन नावाचे औषध वापरतात. त्याचे प्रमाण सुमारे १० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्के द्रावणाचे अवघे २ मिलिलिटर. या द्रावणात ग्लुकोज मिसळलेले असते. त्यामुळे ते मेरुद्रवापेक्षा जड होते आणि त्यात खाली बसते. टेबलाचा उतार बदलून औषध कोठवर पसरावे हे ठरवता येते. घनतेचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. मेरुरज्जू प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात. त्यामुळे तिचा रज्जूला धक्का लागत नाही.

पाय बधिर, पण रक्तदाब का उतरतो?

आता बाईंचा पहिला प्रश्न. त्यासाठी एक साधे समीकरण लागते:

रक्तदाब = हृदयातून दर मिनिटाला निघणारे रक्त × रक्तवाहिन्यांचा अडथळा

नळाचे पाणी आणि नळीची जाडी यांचा जो संबंध, तोच येथे आहे. हृदय रक्त ढकलते. लहान रोहिण्या त्याला अडथळा करतात. या रोहिण्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि ते सदैव थोडेसे आवळलेले असतात. त्यांना तसे ठेवण्याचे काम अनुकंपी चेतासंस्था करते. आपण झोपेतून उठून उभे राहिलो तरी चक्कर येत नाही, ती या संस्थेमुळे. आपल्या नकळत ती रक्तवाहिन्यांची दोरी ओढून धरते.

या संस्थेचे चेतातंतू मेरुरज्जूतून बाहेर पडतात ते छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या पट्ट्यात. नेमकी अडचण येथेच आहे. सिझेरियनचा छेद ओटीपोटावर असला, तरी पोटाच्या आतील आवरणाच्या वेदना वाहणारे तंतू बरेच वर जाऊन रज्जूला मिळतात. आतील ओढाताण जाणवू नये यासाठी भूल छातीच्या चौथ्या मणक्यापर्यंत, म्हणजे साधारण स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढवावी लागते. भुलीचे औषध वेदनेचे तंतू, हालचालीचे तंतू आणि अनुकंपी तंतू असा भेद करत नाही. उलट बारीक अनुकंपी तंतू लवकर बंद पडतात. म्हणून पाय जड होण्याच्या सुमारासच निम्म्याहून अधिक शरीरातील रक्तवाहिन्यांची दोरी सुटते.

आकड्यांत पाहू. समजा, हृदयातून मिनिटाला ६ लिटर रक्त निघते आहे आणि सरासरी दाब ९० मिलिमीटर पारा आहे. म्हणजे अडथळा १५ एकक झाला. तो एक तृतीयांशाने कमी होऊन १० झाला, तर तोच दाब राखण्यासाठी हृदयाला मिनिटाला ९ लिटर रक्त ढकलावे लागेल. ते लगेच जमत नाही आणि दाब उतरतो. त्यातच नीला सैल होऊन रक्त पायांत साचू लागते. शरीरातील निम्म्याहून अधिक रक्त एरवीही नीलांतच असते. भूल आणखी वर चढली, तर हृदयाचा वेग वाढवणारे तंतूही मंदावतात. मेंदूला रक्त कमी पडले की मळमळ, अंधारी, धाप लागल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसतात. बाईंना आला तो हाच अनुभव.

गर्भाशयाचे वजन

मणक्यातील भूल पायाच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेलाही देतात. रक्तदाब तेथेही उतरतो, पण बाळंतिणीइतका वारंवार नाही. याचे एक कारण भरलेले गर्भाशय हे आहे. शेवटच्या महिन्यांत स्त्री उताणी झोपली, की बाळ, पाणी, वार आणि गर्भाशय यांचा मिळून काही किलोंचा भार कण्याच्या पुढून जाणाऱ्या अधोमहानीलेवर पडतो. ही पायांकडून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी नीला. तिची भिंत पातळ असल्याने ती दबते आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते. हॉवर्ड, गुडसन आणि मेंगर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी १९५३ साली या प्रकाराचे वर्णन केले. भूल न देताही काही गरोदर स्त्रियांना उताणे झोपल्यावर घाम फुटतो, चक्कर येते आणि कुशीवर वळताच बरे वाटते. ही गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे.

यावरून उपाय निघाला. टेबल डावीकडे १५ अंश कलवावे किंवा उजव्या कुल्ल्याखाली उशी द्यावी, म्हणजे गर्भाशय बाजूला सरकेल. पिढ्यान्‌पिढ्या भूलतज्ज्ञ हे करत आले. २०१५ साली जपानी संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या एमआरआय प्रतिमा घेऊन पाहिले. तेव्हा १५ अंशांवर नीला फारशी मोकळी होत नाही, ती ३० अंशांवर काहीशी मोकळी होते, असे दिसले. पण टेबल ३० अंश कलवले तर शस्त्रक्रिया करणे कठीण. कलवण्याची प्रथा यामुळे मोडीत निघाली नाही. मात्र तेवढ्यावर विसंबता येत नाही, हे कळले.

बाळाची रसद

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. बाळाला प्राणवायू मिळतो तो वारेतून. एरवी गर्भाशयाकडे मिनिटाला ५० ते १०० मिलिलिटर रक्त जाते. दिवस भरल्यावर हा प्रवाह ५०० ते ७०० मिलिलिटरपर्यंत वाढतो.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांत एक सोय असते. दाब थोडा कमी झाला, तर त्या आपण होऊन रुंदावतात आणि प्रवाह कायम ठेवतात. वारेकडे जाणाऱ्या रोहिण्या आधीच जवळजवळ पूर्ण रुंद झालेल्या असतात. त्यांना आणखी रुंदावायला फारशी जागा उरलेली नसते. त्यामुळे आईचा दाब उतरला, की बाळाची रसदही त्याच प्रमाणात घटते. हे फार वेळ चालले तर बाळाच्या पेशी प्राणवायूविना ऊर्जा मिळवू लागतात. रक्तात लॅक्टिक आम्ल वाढते आणि सामू उतरतो.

तेव्हा आईचा रक्तदाब राखायचा तो दोघांसाठी. कसा राखायचा, हा खरा वादाचा मुद्दा.

सलाईन पुरत नाही

सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे शिरेतून सलाईन देणे. वाहिन्या सैल झाल्या तर त्या भरून काढाव्या, हा त्यामागचा विचार. भूल देण्यापूर्वी लिटरभर सलाईन देण्याची पद्धत अनेक वर्षे सक्तीची मानली गेली. १९९३ साली दक्षिण आफ्रिकेतील राउट आणि सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. स्त्रियांच्या एका गटाला आधी सलाईन दिले, दुसऱ्याला दिले नाही. न दिलेल्यांत १०० पैकी ७१ जणींचा रक्तदाब उतरला आणि दिलेल्यांत ५५ जणींचा. फायदा झाला, पण निम्म्याहून अधिक स्त्रियांचा दाब तरीही उतरलाच.

असे का, हे पुढे उलगडले. हृदयातून निघणारे रक्त क्षणोक्षणी मोजणारी साधने आल्यावर २००८-०९ च्या सुमारास ऑस्लो आणि केप टाउन येथील अभ्यासांत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. भूल दिल्यानंतर सुरुवातीला हृदयातून निघणारे रक्त बहुधा कमी होत नाही. कित्येकदा ते थोडे वाढतेच. घटतो तो मुख्यतः लहान रोहिण्यांचा अडथळा. म्हणजे वरच्या समीकरणातील दुसरा गुणक. सलाईन पहिल्या गुणकाला मदत करते. दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असा तो प्रकार होता. त्यातून सलाईनचे पाणी वाहिन्यांत फार वेळ थांबतही नाही. आज ते भुलीच्या आधी न देता भुलीबरोबरच झपाट्याने देणे पसंत करतात.

मग उरतो तो औषधाचा मार्ग.

मेंढ्यांनी दिलेले उत्तर

रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारची औषधे प्रामुख्याने रोहिण्या आवळतात. मेथॉक्झामाइन आणि फेनिलएफ्रीन ही त्यांतली. दुसऱ्या प्रकारची औषधे हृदयालाही जोराने आणि वेगाने चालवतात. एफेड्रीन हे त्यांतले ठळक नाव. एफेड्रा या झुडपातून नागाई नागायोशी या जपानी रसायनतज्ज्ञाने १८८५ साली ते वेगळे केले. चीनमध्ये हे झुडूप फार पूर्वीपासून औषधात वापरतात.

यांपैकी बाळंतिणीला कोणते द्यावे? विचार असा झाला: रोहिण्या आवळणारे औषध दिले तर आईच्या दंडावर आकडा चांगला दिसेल, पण गर्भाशयाच्या रोहिण्याही आवळल्या जातील आणि बाळाचा प्रवाह कमी होईल. दाब म्हणजे प्रवाह नव्हे. विचार अगदी बरोबर होता.

तो प्रयोगाने तपासलाही गेला. १९७० च्या दशकात अमेरिकेत गाभण मेंढ्यांच्या गर्भाशयाच्या रोहिणीवर प्रवाहमापक बसवून ही औषधे दिली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या राल्स्टन, श्नायडर आणि डीलॉरिमियर यांचा १९७४ चा अभ्यास यांत विशेष गाजला. निष्कर्ष स्पष्ट होता. मेथॉक्झामाइनसारख्या औषधांनी गर्भाशयाचा प्रवाह घटला, एफेड्रीनने तो जवळजवळ तसाच राहिला. झाले! एफेड्रीन हे बाळंतिणीसाठी योग्य औषध ठरले. पाठ्यपुस्तकांत तसे छापले गेले. परीक्षेत तोच प्रश्न आणि तेच उत्तर. फेनिलएफ्रीनचे नाव काढणेही धोक्याचे मानले जाऊ लागले.

नाळेतील रक्ताची साक्ष

बाळ जन्मताना कसे आहे हे कळण्याची एक परिचित रीत म्हणजे अपगार गुणांक. व्हर्जिनिया अपगार या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात. पण ही जाळी जरा मोठ्या छिद्रांची आहे. थोडेसे गुदमरलेले बाळही दहापैकी नऊ गुण मिळवून जाते. बारीक फरक टिपायचा तर नाळ कापल्यावर तिच्या रोहिणीतील थेंबभर रक्त घेऊन त्याचा सामू मोजावा लागतो. बाळाच्या शरीरातून वारेकडे परतणारे रक्त तेच. त्यामुळे बाळाच्या पेशींवर काय प्रसंग आला होता, याची साक्ष तेच देते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही डॉक्टरांनी फेनिलएफ्रीन सावधपणे वापरून हे मोजमाप सुरू केले. प्रत्येक चाचणी लहान होती. २००२ साली हाँगकाँगच्या ली, न्गान की आणि जिन यांनी सात चाचण्या, एकूण २९२ स्त्रिया, एकत्र घेऊन हिशेब मांडला. फेनिलएफ्रीन घेतलेल्या आयांच्या बाळांचा सामू एफेड्रीनच्या गटापेक्षा सरासरी ०.०३ ने जास्त निघाला. म्हणजे ज्या औषधाला बाळाचा शत्रू मानले होते, त्याच्याच गटातील बाळांचे रक्त कमी आम्लयुक्त होते. अपगार गुणांकात फरक नव्हता. ७.२ च्या खाली सामू गेलेल्या बाळांच्या संख्येतही फरक ठरवता आला नाही.

०.०३ हा फरक क्षुल्लक वाटेल. पण सामू हे लॉगरिदमचे माप आहे. १० चा ०.०३ वा घात सुमारे १.०७ येतो. म्हणजे हायड्रोजन आयनांत ७ टक्क्यांचा फरक. धडधाकट बाळ तो सहज सोसते. आधीच अशक्त असलेल्या किंवा कळांनी थकलेल्या बाळाला मात्र तेवढीही भर नको असते.

पण असे झाले कसे? मेंढ्या तर खोटे बोलल्या नव्हत्या. उत्तर २००९ साली न्गान की यांच्याच गटाने १०४ स्त्रियांच्या अभ्यासातून दिले. त्यांनी आईच्या आणि नाळेच्या रक्तात औषधे किती आहेत ते मोजले. फेनिलएफ्रीनचे बाळाकडील प्रमाण आईच्या सुमारे ०.१७ पट होते, एफेड्रीनचे १.१३ पट. म्हणजे फेनिलएफ्रीन बहुतांशी वारेच्या अलीकडेच राहते. एफेड्रीन मात्र पलीकडे जाते आणि आईचे हृदय जसे वेगाने चालवते, तशीच बाळाच्या शरीरातील आगही वाढवते. त्या बाळांच्या रक्तात लॅक्टेट, ग्लुकोज आणि अॅड्रेनालीनच्या कुळातील संप्रेरके जास्त आढळली. रसद तेवढीच, पण खर्च वाढलेला. सामू उतरायचे कारण हे होते.

पहिल्या प्रयोगांत पुरवठा मोजला होता, मागणी मोजली नव्हती. शिवाय गर्भाशयाच्या प्रवाहात थोडी शिल्लक असते. प्रवाह किंचित घटला तर बाळ त्याच रक्तातून जास्त प्राणवायू काढून घेते. ‘कोणत्या औषधाने गर्भाशयाचा प्रवाह टिकतो?’ या प्रश्नाचे मेंढ्यांनी खरे उत्तर दिले. आपण ते ‘कोणते औषध बाळाला बरे?’ या वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरले.

आज काय करतात?

पूर्वी दाब उतरला की औषध देत. आता तो उतरण्याआधीच देतात. २००४ साली हाँगकाँगमध्येच स्त्रियांचे तीन गट करून रक्तदाबाचा वरचा आकडा मूळच्या १००, ९० आणि ८० टक्क्यांवर राखून पाहिला. ८० टक्क्यांच्या गटात ४० टक्के स्त्रियांना मळमळ किंवा उलटी झाली. १०० टक्क्यांच्या गटात फक्त ४ टक्के. पुढच्या वर्षी फेनिलएफ्रीनचे सतत ठिबक आणि भुलीबरोबरच झपाट्याने सलाईन असा जोड उपाय केला, तेव्हा ५३ पैकी एकाच स्त्रीचा दाब उतरला. राउट यांच्या ७१ टक्क्यांशी ही तुलना करून पाहावी. दोन्ही अभ्यासांची रीत एकसारखी नाही, तरी कोठून कोठवर आलो हे त्यावरून दिसते.

२०१८ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून सहमतीचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात फेनिलएफ्रीनसारखे रोहिण्या आवळणारे औषध भूल देताच सुरू करावे आणि वरचा आकडा मूळच्या ९० टक्क्यांच्या खाली शक्यतो जाऊ देऊ नये, असे म्हटले आहे. एफेड्रीन हद्दपार झालेले नाही. फेनिलएफ्रीनने दाब वाढला की हृदयाचे ठोके प्रतिक्षिप्तपणे मंदावतात आणि औषध जास्त झाले तर हृदयातून निघणारे रक्तच घटते. दाब चांगला, प्रवाह कमी, असा तोच जुना धोका! म्हणून भूलतज्ज्ञ दाबाबरोबर नाडीवरही लक्ष ठेवतो. दाब कमी आणि नाडीही मंद, अशा वेळी एफेड्रीन उपयोगी पडते. २०१५ पासून नॉरअॅड्रेनालीनचे सौम्य द्रावणही अभ्यासले जात आहे. त्याने नाडी कमी मंदावते. आपल्याकडे अनेक ठिकाणी एफेड्रीनच्या जवळचे मेफेंटरमाइन वापरतात. त्याची फेनिलएफ्रीनशी तुलना करणारे अभ्यास भारतात झाले आहेत. थोडक्यात, औषध कोणतेही असो, दर मिनिटाला दाब पाहणारा आणि तत्काळ हालचाल करणारा माणूस उशाशी असणे याला पर्याय नाही.

वर्गात करून पाहा

एक बादली, नळाला जोडलेली रबरी नळी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्यावे. नळी मोकळी ठेवून बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजावे. मग नळीचे तोंड अंगठ्याने अर्धे दाबून, आणि नंतर जवळजवळ पूर्ण दाबून, पुन्हा मोजावे. अंगठा दाबला की चिळकांडी लांब जाते. आतला दाब वाढल्याची ती खूण. पण बादली? अर्धवट दाबले असताना वेळेत फारसा फरक पडत नाही. घट्ट दाबल्यावर मात्र चिळकांडी जोरदार आणि बादली रेंगाळते. ‘दाब वाढला म्हणजे प्रवाह वाढला का?’ हा प्रश्न मुलांना आधी विचारावा, अंदाज फळ्यावर लिहून घ्यावेत आणि मग बादली भरावी.

मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न विचारता येईल: बादलीत किती पाणी आले हे कळले, पण त्या पाण्याने बागेतल्या रोपाची तहान भागली का, हे कसे कळेल? त्यासाठी बादलीकडे नव्हे, रोपाकडे पाहावे लागेल. दंडावरचा आकडा, गर्भाशयातला प्रवाह आणि नाळेतले रक्त या तीन मोजमापांतला फरक नेमका हाच आहे.

शिबिरातल्या बाईंना आम्ही नंतर पत्राने उत्तर कळवले. त्यांच्यासारखी रक्तदाबाची थोडी वेळ टिकलेली आणि लगेच सावरलेली उतरंड निरोगी बाळ सोसते, ही गोष्ट आधी लिहिली, कारण आईला तीच आधी हवी असते. मग हेही लिहिले, की “बाळाला काही झालं असतं तर?” हा प्रश्न केवळ काळजीचा नव्हता. हाच प्रश्न पुन्हा विचारून, आणि त्याचे उत्तर थेट बाळाच्याच रक्तात शोधून, डॉक्टरांना आपली तीस वर्षांची समजूत दुरुस्त करता आली. वर्गात एखादे मूल पाठ्यपुस्तकातल्या ठाम विधानाबद्दल “हे मोजलं कशावर?” असे विचारते, तेव्हा ते याच वाटेवर चाललेले असते. त्याला खाली बसवू नये.